खडखडीचा माग: एका पुस्तिकेची प्रस्तावना

जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान, ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत अखंड पार पडलं. गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, पंचवीस किलोमीटरांच्या जरासा पुढचा. त्याआधी कितीतरी वर्षं याच रस्त्याने वऱ्हाडातल्या माणसाचं कंबरडं मोडलं होतं. मूर्तिजापूरहून बडनेऱ्याकडे येताना गाडीतलं सगळंच वाजायचं, त्यामुळे नेमकं काय वाजतंय हा प्रश्नच कुणाला पडत नसे. रस्ता सुधारला, माणसं काचा वर करून शंभराच्या वेगाने जाऊ लागली, आणि मग पुढच्या डाव्या चाकाकडून, फक्त ब्रेक लावताना येणारा एक बसका ‘धप्प’ ऐकू यायला लागला. आवाज बहुधा जुनाच होता, रस्त्याच्या दणदणाटाखाली दबलेला.

ही पुस्तिका त्या ‘धप्प’साठी आहे, आणि त्याच्या भावंडांसाठी: कटकट, करकर, चूंचूं, खडखड. माझं म्हणणं थोडक्यात असं की, आवाज कुठून येतो हे शोधणं हेच खरं काम आहे. भाग बदलणं हा त्या कामाचा शेवटचा तुकडा. आपल्याकडे हे उलटं चालतं. गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येतं ते निदान घेऊनच. ‘भाऊ, जंपर गेले वाटते.’ मिस्त्रीला आणखी चार गाड्या उरकायच्या असतात, जंपर, म्हणजे शॉक ॲब्जॉर्बर, बदलण्यात दोघांचाही वेळ वाचतो, बिलही चांगलं होतं. आठ दिवसांनी तीच गाडी, तोच आवाज, आणि खिशातून गेलेले पैसे. चांगला मिस्त्री मात्र पाना हातात घेण्याआधी म्हणतो, ‘थांबा, आवाज कुठून येऊन रायला ते पाहू तं द्या आधी.’ असं म्हणणारी माणसं अमरावतीत आहेत, अकोल्यात आहेत. ती कुठे बसतात हे माहीत असणाऱ्याला या पुस्तिकेची गरज थोडी कमी. पण त्यांच्यापाशी जाऊन आवाजाचं वर्णन नीट करता यावं, एवढ्यासाठी तरी ती वाचावी.

ही पुस्तिका मुख्यतः स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनबद्दल आहे. आता स्पोर्ट्स कार आणि वऱ्हाड यांचा संबंध काय, असं कुणी विचारील. संबंध आहे आणि तो महाराष्ट्रातूनच आलेला आहे. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर उघडी, दोन माणसांची रोडस्टर बांधली, इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून. गोव्यात सॅन स्टॉर्म ही छोटी दोनआसनी गाडी तयार झाली. या दोन्ही गाड्या मोजक्याच लोकांच्या दारात पोचल्या. पण रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून २०१५ मध्ये बाहेर पडलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुन्टो, चाकणची पोलो जीटी, तेव्हाच्या औरंगाबादेतल्या शेंद्र्याच्या कारखान्याशी नातं असलेली ऑक्टाव्हियाची व्हीआरएस ही आवृत्ती, या गाड्या मात्र जुन्या बाजारातून वऱ्हाडात आल्या, येत आहेत. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पुन्टो त्याच्याही आधी बंद झाली. म्हणजे या गाड्यांवर प्रेम करणाऱ्या मुलाच्या हाती आज जी गाडी पडते, ती पाचदहा वर्षं आणि एक-दोन मालक पाहिलेली असते. इंजिन ठणठणीत, रंग ठीक, आणि खाली रबर संपलेलं. शुद्ध अर्थाने यांतल्या काही गाड्या स्पोर्ट्स कार नाहीत असा आक्षेप मला ठाऊक आहे. बुशच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरी भागाच्या, दृष्टीने तो गौण आहे. गाडी खाली बसवलेली, स्प्रिंग कडक, टायरची भिंत बुटकी, आणि चालवणारा वळण वेगात घेणारा. एवढं जुळलं की रबरावर पडणारा भार तोच.

बुश म्हणजे काय, हे कापून पाहिल्याशिवाय मनात बसत नाही. चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा मागचा बुश हातात घ्या. बाहेर लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची कडी, आत जाड नळी, नळीच्या पोटातून बोल्ट जातो. कडी आणि नळी यांच्या मध्ये रबर, आणि ते रबर नुसतं कोंबलेलं नसतं, दोन्हीकडच्या धातूला पक्कं चिकटवलेलं असतं. रबरात समोरासमोर मूत्रपिंडाच्या आकाराच्या दोन पोकळ्या दिसतात. या पोकळ्यांमुळे बुश एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक होतो. चाक खड्ड्यात आपटलं तर ते किंचित मागे सरकावं, हाडं हलू नयेत, म्हणून त्या दिशेला मऊ. वळणावर चाक आडवं सरकू नये म्हणून त्या दिशेला कडक. आर्म खालीवर होतो तेव्हा नळी रबरात फिरत नाही. नळी बोल्टाने जखडलेली असते आणि रबरच पिळलं जातं, मग सुटतं. चिकटवलेल्या रबराच्या बुशमध्ये घसरण्यासारखं काहीच नाही, म्हणून त्याला वंगण लागत नाही. हे एक वाक्य लक्षात राहिलं तर पुढची निम्मी पुस्तिका आपोआप समजेल.

संपलेल्या बुशमध्ये काय दिसतं? पृष्ठभागावरच्या बारीक भेगा पाहून घाबरायचं कारण नाही, त्या वयाच्या आहेत. पाहायचं ते रबर आणि धातू यांच्या सांध्याला. तिथे नखाने दाबलं की फट उघडते, आणि फटीच्या आत आतल्या नळीवर चकचकीत घासलेली एक रेघ असते. धातू धातूवर आपटत होता त्याची ती खूण. ‘धप्प’ तिथला. काही गाड्यांच्या बुशांत द्रव भरलेला असतो. ते फुटले की आर्मवर काळपट ओघळ दिसतो आणि त्याला धूळ चिकटलेली असते. लोक तो जंपरचा तेलगळ समजतात आणि पुन्हा जंपरच बदलतात.

वऱ्हाडात हे रबर लवकर मरतं, आणि त्यामागे भूगोल आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे तापतो, आणि त्याच्या वर काही इंचांवर, ब्रेकची आणि सायलेन्सरची आच सोसत बुश बसलेला असतो. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. रबराचं जुनं होणं हीही प्रक्रियाच. हवेतला प्राणवायू आणि ओझोन रबराच्या साखळ्यांवर काम करतात, रबर कडक होतं, मग तडकतं. त्यामुळे थंड देशाच्या पुस्तकात ‘बुश इतक्या किलोमीटरला तपासा’ असं लिहिलेलं असतं, ते आकडे इथे जसेच्या तसे घेऊ नयेत. इथे किलोमीटरांपेक्षा उन्हाळे मोजावेत. चार उन्हाळे रस्त्यावर उभी राहिलेली कमी चाललेली गाडी, सावलीत राहून दुप्पट चाललेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते.

दुसरी गोष्ट जमिनीची. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, खोल, चिकण माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको, त्याच्या घराच्या भिंती दरवर्षी हेच सांगतात. त्या मातीवर बांधलेला रस्ताही दरसाल हलतो. खड्डा नसला तरी लाटा येतात, पुलाच्या तोंडाशी भराव खचतो आणि पायरी पडते. खड्डा दिसतो, म्हणून आपण ब्रेक लावतो. लाट दिसत नाही. ऐंशीच्या वेगाने लाटेवरून गेलेली गाडी क्षणभर हलकी होते आणि पूर्ण वजनानिशी खाली बसते, तो भार बुशने घ्यायचा असतो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला रोज ये-जा करणाऱ्याच्या गाडीचे मागचे बुश पुढच्यांच्या बरोबरीने का जातात, हे त्याने कळतं.

आवाजाचा माग काढताना पहिली अडचण ही की गाडीचा सांगाडा आवाज वाहून नेतो. उजवीकडचा आवाज डाव्या पायापाशी ऐकू येतो, मागचा आवाज डॅशबोर्डातून आल्यासारखा वाटतो. कानावर विश्वास ठेवून जागा ठरवली तर फसगत ठरलेली. म्हणून आधी ‘कुठे’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि ‘केव्हा’ हा विचारायचा. ब्रेक लावताना की सोडताना? वळताना, की उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना? सकाळी गाडी थंड असताना, की बाजारातून फिरून आल्यावर? एकट्याने, की मागे तीन माणसं बसल्यावर? यासाठी एक साधी वही करावी आणि आठवडाभर त्यात लिहावं. आवाज कसा होता यापेक्षा त्या क्षणी गाडी काय करत होती, हे लिहावं. कारण सस्पेन्शनचा प्रत्येक सांधा ठरावीक हालचालीतच भार घेतो, आणि हालचाल कळली की संशयित दोन-तीनच उरतात.

काही जोड्या इथेच सांगतो, सविस्तर पुढे आहेत. ब्रेक लावताना एक ‘धप्प’ आणि मग रिव्हर्स घेऊन ब्रेक लावताना आणखी एक, असं झालं तर लोअर आर्मचा मागचा बुश पाहावा. चाक आधी मागे ओढलं जातं, मग पुढे, आणि दोन्ही वेळा फाटलेल्या रबरातली सुटी जागा भरली जाते. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना ‘करकर’ आणि मध्येच स्प्रिंग उडाल्यासारखा झटका आला तर जंपरच्या वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग. दुसऱ्याला स्टीअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगवर हात ठेवावा, कान चुकतो तिथे बोटांना कळतं. पूर्ण वळणावर गाडी पुढे नेताना ‘टक टक टक’ आला तर तो सस्पेन्शनचा नाहीच, ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा आहे. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं, जी लांब वळणावर एका बाजूला झुकताना वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते, ती चाकाच्या बेअरिंगची.

लिंक रॉडची कटकट मात्र वेगळा परिच्छेद मागते, कारण जंपरच्या नावावर सगळ्यात जास्त तीच खपते. कमी वेगात, खडबडीत गल्लीत, बारीक आणि भराभर येणारा हा आवाज. स्टॅबिलायझर बार दोन्ही टोकांच्या लिंक रॉडांमार्फत दोन्ही चाकांना जोडतो, आणि एक चाक वर व दुसरं खाली असेल तेव्हाच तो पिळला जातो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर त्याला काही काम नाही. तेव्हा अमरावतीत ज्यांची आपल्याला कमतरता नाही त्या स्पीडब्रेकरांपैकी एक निवडावा. आधी सरळ, दोन्ही चाकं बरोबर, हळू चढवावी. मग तोच तिरका घ्यावा, आधी एक चाक आणि मग दुसरं. सरळ जाताना गप्प आणि तिरकं जाताना कटकट, तर संशय लिंक रॉडवर किंवा बारच्या रबरांवर. खात्री करायची तर दोन्ही बाजूंचे लिंक सोडावेत, लटकणारा भाग कुठे अडकणार नाही असा बांधावा आणि त्याच गल्लीतून अगदी हळू एक फेरी मारावी. आवाज गेला तर निदान पक्कं. या फेरीत वळणं वेगात घेऊ नयेत. बार सुटा असताना गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते.

चूंचूं करणाऱ्या रबरावर पाण्याची परीक्षा चालते. साध्या बाटलीने एकेका बुशवर पाणी मारायचं, प्रत्येक वेळी गाडी दाबून पाहायची. ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबला, तो सापडला. पाण्याऐवजी ग्रीस किंवा जळकं ऑइल मारण्याची आपल्याकडची सवय मात्र घातक आहे. खनिज तेल नैसर्गिक रबर फुगवतं आणि मऊ करतं. आवाज दोन आठवडे जातो, बुश कायमचा जातो. याविषयी मी पुस्तिकेत तीनदा लिहिलं आहे आणि चौथ्यांदाही लिहायला तयार आहे.

आणि काही आवाज सस्पेन्शनचे नसतातच. ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये सैल असले की खडबडीत रस्त्यावर खडखडतात. ब्रेकवर हलका पाय ठेवताच थांबले तर तेच. डिकीतला जॅक, सायलेन्सरचं लटकतं रबर, इंजिनखालची प्लास्टिकची झाकणी, बॉनेटचं कुलूप, यांना आधी निर्दोष ठरवावं आणि मग गाडी वर उचलावी. समृद्धी महामार्गावर पहिल्यांदा गेलेल्यांना टायरखाली लयीत येणारी टपटप ऐकून काळजी वाटते. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरांवर आडवे सांधे असतात, ताशी शंभराच्या वेगाने सेकंदाला सहा सांधे चाकाखालून जातात. वेग कमी केला की टप्पे लांबतात, डांबरावर आलात की नाहीसे होतात. तो रस्त्याचा आवाज आहे, गाडीचा नाही.

रस्त्यांचाच विषय निघाला तर सांगायला हवं की, निदानासाठी आपल्याइतके चांगले रस्ते थोड्यांकडे असतील. नांदगाव खंडेश्वर किंवा धामणगावकडून समृद्धीवर चढलं की एका वेगात, सपाट पृष्ठभागावर, बेअरिंगची घूंघूं आणि टायरचा असमतोल ऐकता येतो. अकोल्याचा महामार्ग ब्रेकच्या परीक्षेला बरा, मागचा आरसा रिकामा असेल तेव्हा. शहरातल्या सिमेंटच्या गल्ल्या लिंक रॉडसाठी. आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. एकामागून एक येणाऱ्या वळणांवर भार डावीकडून उजवीकडे सरकत राहतो, वेग फार नसल्याने इंजिनाचा आवाज दबलेला असतो, आणि कडेच्या दगडी भिंतीवर आपटून गाडीचा आवाज उघड्या काचेतून परत येतो. हिवाळ्यातल्या पहाटे हा घाट चढताना थंडीने कडक झालेलं रबर बोलतं. दुपारी उतरताना तेच गप्प असतं. त्या दोन नोंदी वहीत शेजारी शेजारी आल्या की मिस्त्रीला सांगण्यासारखं बरंच हाती येतं. मेळघाटातून जाताना वेगाची परीक्षा मात्र कुणी करू नये. त्या रस्त्यावर जनावरांचा हक्क आपल्याआधीचा आहे.

निदान झाल्यावरच्या कामात हाताचं कसब लागतं, आणि इथे मी गॅरेजांशी थोडा भांडणार आहे. जुना बुश काढण्यासाठी गॅसच्या ज्योतीने रबर जाळायची पद्धत सर्रास आहे. काळा, विषारी धूर निघतो, शेजारी उभा असलेला पोरगा तो नाकातोंडात घेतो, आणि आर्म ॲल्युमिनियमचा असेल तर त्याची ताकद त्या आचेने कमी होते. घणाने ठोकून बसवणं हा दुसरा प्रकार. नवा बुश त्याच्या बाहेरच्या कडीवर दाब देऊनच बसला पाहिजे. घाव आतल्या नळीवर पडला तर गाडीला लागण्याआधीच रबराचा सांधा फाटतो. हायड्रॉलिक प्रेस आणि योग्य मापाची कडी, एवढंच लागतं. दोन्ही शहरांच्या एमआयडीसीत प्रेस आहेत, आणि कापसाच्या जिनिंगमुळे उभी राहिलेली लेथवाल्यांची पिढी आहे. त्यांच्याकडून मापाची कडी तासून घेणं अवघड नाही. काढण्याआधी जुन्या बुशची दिशा आर्मवर रंगाने खुणावून ठेवावी. पोकळ्या चुकीच्या दिशेला बसल्या तर जिथे मऊ हवं तिथे कडक होतं, आणि गाडी ब्रेकला एका बाजूला ओढू लागते.

लेथवाल्यांच्या या हुशारीमुळेच आणखी एक प्रथा पडली आहे: रबराऐवजी नायलॉनचा बुश तासून घालायचा. ‘आता आयुष्यभर पाहायला नको’ असं सांगतात. ट्रकच्या पाट्यांना, जिथे पिन फिरते आणि ग्रीस जातं, तिथे कडक बुशाला जागा आहे. कारच्या लोअर आर्मला नाही. नायलॉन धक्का पोटात घेत नाही, तो तसाच पुढे आर्मच्या बुडाला आणि सबफ्रेमच्या वेल्डिंगला देतो. शंभर रुपयांच्या रबराने जे मरायचं होतं ते मरण मग सांगाड्याला येतं. पॉलियुरेथेनचे बुश हा वेगळा, मान देण्याजोगा पर्याय आहे. शर्यतीच्या गाड्यांत ते वापरतात, स्टीअरिंग नेमकं होतं, टिकतातही. पण त्यांत नळी फिरते, म्हणून त्यांना ठरावीक सिलिकॉनचं वंगण लागतं, धुळीत ते वाळतं आणि आवाज सुरू होतो. रोज अकोला-अमरावती करणाऱ्याने कंपनीच्या मापाचं चांगलं रबर घालावं, असं माझं मत आहे. महिन्यातून एकदा घाटात जाण्यासाठी गाडी ठेवणाऱ्याने पॉलियुरेथेनचा विचार जरूर करावा.

आता या सगळ्या पुस्तिकेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बुश बदलला, प्रेसवर बसला, दिशा बरोबर, आर्म जागेवर आला, आणि गाडी अजून वर आहे, चाकं लटकताहेत. मिस्त्री इथेच बोल्ट पूर्ण आवळतो. हात पोचतो, उजेड आहे, पाना फिरतो. त्याच्या दृष्टीने हे सोयीचं. पण लटकत्या चाकाबरोबर आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत नळी जखडली आणि मग गाडी जमिनीवर ठेवली की आर्म वर येतो, समजा पंधरा अंश, आणि रबर पंधरा अंश पिळलेलंच राहतं. उभ्या गाडीतही ते पिळलेलं, चालत्या गाडीत त्याहून जास्त. दहा उन्हाळे टिकणारं रबर मग दोनातच फाटतं, गाडी किंचित उंच बसते, आणि दोष ‘डुप्लिकेट माला’वर जातो. डुप्लिकेट माल आहेच आपल्या बाजारात, पण त्याच्या नावावर जमा झालेले कितीतरी गुन्हे या आवळण्याचे आहेत.

उपाय फुकटचा आहे. गाडी उचलण्याआधी, सपाट जागेवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर टेपने मोजावं आणि वहीत लिहावं. चारही चाकांचं. आर्म बसवून बोल्ट हाताने लावावेत, सैल ठेवावेत. मग हबखाली दुसरा जॅक देऊन तेच अंतर येईपर्यंत चाकाची बाजू वर उचलावी, आणि त्या स्थितीत बोल्ट टॉर्क पान्याने आवळावा. खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये तर याहून सोपं: गाडी चाकांवर खड्ड्यावर घ्यावी, दोनचार वेळा दाबून बसू द्यावी आणि खालून आवळावं. आपल्याकडची बरीच जुनी गॅरेजं अजून खड्ड्यावर चालतात, लिफ्ट नाही म्हणून त्यांना कमी लेखलं जातं. या एका कामात खड्डा साध्या दोन खांबी लिफ्टला हरवतो, कारण त्या लिफ्टवर चाकं लटकतात. आणि गाडीखाली जाताना जॅकवर भरवसा ठेवू नये, स्टँड लावल्याशिवाय डोकंही आत घालू नये, हे प्रस्तावनेतच सांगून ठेवतो. जंपरवरची स्प्रिंग दाबून काढण्याचं काम मी या पुस्तिकेत मुद्दाम घेतलेलं नाही. त्यात साठलेला जोर माणसाला मारू शकतो, आणि ते काम साधनं असलेल्या माणसाचं आहे.

बुश बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते, कारण जुनं फाटलेलं रबर चाकाला भलत्याच कोनात धरून असतं आणि आधीची अलाइनमेंट त्याच्याशी जुळवलेली असते. एक बाजू बदलली तर दुसरीही बदलावी. दोन वयांची रबरं गाडीला सरळ जाऊ देत नाहीत. नटबोल्टांपैकी काही एकदाच वापरायचे असतात, कोन मोजून आवळलेले. ते जुनेच परत लावून दोनशे रुपये वाचवू नयेत.

पुस्तिकेची मांडणी वाचणाऱ्याच्या गरजेप्रमाणे केली आहे. ज्याची गाडी आज आवाज करते आहे त्याने सरळ दुसऱ्या प्रकरणाला जावं, तिथे वहीचा नमुना आणि स्पीडब्रेकरची परीक्षा चित्रांसह दिली आहे. जुनी गाडी विकत घ्यायला निघालेल्याने चौथं प्रकरण वाचावं. टॉमी घेऊन आर्मचा खेळ कसा पाहायचा, विक्रेत्याने ग्रीस फासून लपवलेलं फाटकं रबर कसं ओळखायचं, ते त्यात आहे. रबराच्या रसायनाचं प्रकरण सगळ्यात शेवटी ठेवलं आहे, पण आयटीआयच्या मुलांनी ते पहिल्यांदा वाचलं तर मला आनंद होईल. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस अर्धं पान कोरं सोडलं आहे. आपल्या गाडीचं मॉडेल, साल, चारही चाकांची मोजलेली उंची आणि बुश बसवल्याची तारीख तिथे पेनाने लिहून ठेवावी. गाडी विकताना तेवढं पान फाडून नव्या मालकाला द्यावं.